‘ओण’ म्हणजे ओला नव्हे : बेळगावातल्या वडगावच्या एका गल्लीची कचरा-नोंदवही

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

भिशीच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, तिथूनच सुरू करते.

आज श्रावण लागला. काल गटारी झाली, म्हणून सकाळी गल्लीच्या तोंडाशी हाडं, कुत्री आणि फाटलेल्या काळ्या पिशव्या. त्यावरून दुपारी भिशीच्या बैठकीत विषय निघाला आणि जी जास्त बोलली तिच्या गळ्यात काम पडलं. म्हणजे माझ्या.

गल्लीत ४१ घरं. नऊ घरांत अजून माग खडखडतात. ठरलं ते असं : स्वयंपाकघरातला कचरा गल्लीतच जिरवायचा, मंडळाच्या शेडमागे काकांची मोकळी जागा आहे तिथे. उरलेलं घंटागाडीला द्यायचं. २३ घरांनी हो म्हटलं. बाकीच्यांनी ‘बघूया की’ म्हटलं. वडगावात ‘बघूया की’ म्हणजे नाहीच, फक्त त्यात कुणाचं तोंड कडू होत नाही.

कोपऱ्यावरच्या दुमजली घरातले आप्पा मात्र तोंडावर बोलले. “घरपट्टीच्या चलनात कचऱ्याचा सेस भरतोय मी. आणि वर निवडून पण द्यायचा काय? उद्या म्हणशील गाडी पण ढकला.” मी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे.

८ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवस २३ घरांच्या पिशव्या जशा असतील तशा मागून घेतल्या आणि शेडमध्ये ताडपत्रीवर उलट्या केल्या. पुतण्याने नाकाला रुमाल बांधून काटा धरला, शेजारच्या वहिनींनी आणि मी हातमोजे घालून निवडलं. दिवसाला साधारण ३१ किलो भरला. त्यातलं कुजणारं २० किलोच्या आसपास, बाकी सगळं मिळून ११. म्हणजे तीन पिशव्यांतल्या दोन आपण उगाच तुरमुरीपर्यंत फिरायला पाठवतो. शहराचा कचरा तिकडे जातो. माझं माहेर उचगाव, तेव्हा माहेरच्या वाटेवर माझ्याच भाजीची देठं माझ्याआधी पोचलेली असतात.

पण वजनापेक्षा वेगळीच गोष्ट हाती लागली. बहुतेक घरांत दोन डबे आहेत आणि बायका मन लावून निवडतात. आम्हाला वाटलं होतं की लोक आळशी आहेत. तसं काही नाही. सुक्याच्या डब्यात काय सापडलं? कांद्याची टरफलं, लसणाच्या साली, वाळकी भाकरी, शेंगांची फोलपटं, देवाजवळची सुकलेली फुलं. ओल्यात काय? धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, भांडी घासायचा स्पंज, बाळाचं डायपर.

सासूबाईंना विचारलं, भाकरी सुक्यात का टाकली? “वाळलीय की.” दुधाची पिशवी ओल्यात का? “आत्ता धुतली, ओली हाय.” यावर मी काय बोलणार? हात लावून बघितलं तर त्यांचं बरोबरच आहे.

दुसरी गंमत भोंग्याची. गाडी येते ती “हसि कस, ओण कस, बेरे बेरे माडि” असं ओरडत येते. कानडीत हसि म्हणजे ओला, कच्चा. ओण म्हणजे सुका. बेरे बेरे माडि म्हणजे वेगळा वेगळा करा. सासूबाईंना कानडी येते ती बाजारापुरती, एष्टू, साकू, बेडा (किती, पुरे, नको) एवढी. त्यांना ‘ओण’ हे ‘ओला’ असंच ऐकू येतं. मला वाटलं ही त्यांचीच गोष्ट, म्हणून आणखी पाच जणींना विचारलं. तिघींनी ओण म्हणजे ओलाच सांगितलं. पुतण्या शाळेत कानडी शिकलेला, तो पोट धरून हसला. इतकी वर्षं रोज सकाळी नियम ऐकतोय आणि निम्मी गल्ली तो उलटा ऐकतेय.

आणखी एक, कानडीत कस म्हणजे कचरा. मराठीत कस म्हणजे जमिनीतला जीव. खत होईल तेव्हा या ओळीकडे परत येईन म्हणून लिहून ठेवलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. आज खणायचं नाही, कापायचं नाही, चिरायचं नाही. खताच्या हौदाचं काम सोमवारवर. गवंडी खूश.

१२ ऑगस्ट, सोमवार

हौद झाला. चार फूट लांब, तीन रुंद, तीन उंच, म्हणजे ३६ घनफूट, साधारण एक घनमीटर. विटा मधे मधे बोटभर जागा सोडून रचल्या, हवा खेळायला हवी म्हणून. तळाला सिमेंट नाही, मातीच. त्यावर काटक्या आणि उसाची चिपाडं यांचा वीतभर थर. वर जुना पत्रा. शेजारी असाच दुसरा हौद, पहिला भरून मुरायला ठेवला की वापरायचा.

रात्री २०१६ चे घनकचरा व्यवस्थापन नियम वाचत बसले. केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ ला काढलेले, २००० सालच्या जुन्या नियमांच्या जागी. आपल्यासारख्यांनी काय करायचं ते चौथ्या नियमात आहे. त्यात कचऱ्याचे भाग सांगितलेत ते कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. ओला-सुका हे बहुतेक भिंतीवर रंगवायला आणि भोंग्यावर ओरडायला सोपं म्हणून पुढे आलं असावं. कुजणारा म्हटलं असतं तर सासूबाईंनी भाकरी कधी चुकवली नसती. भाकरी कुजते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

नियम तसा साधा आहे. कचरा रस्त्यावर, गटारात, पाण्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही. बांधकामाचा राडारोडा वेगळा. झाडांचा पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा. शुल्क भरायचं, आणि ते भरूनही वेगळा करूनच द्यायचा. आप्पांचा राहिलेला अर्धा मुद्दा हा. बिगर परवान्याच्या जागी शंभराहून जास्त माणसं जमवून कार्यक्रम करायचा असेल तर निदान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि तिथला कचरा निवडून द्यायचा. हे आमच्या मंडळाला सांगायला लागणार, महाप्रसादाला पाचशे पानं उठतात.

एका ओळीवर मात्र अडले. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून न कुजणाऱ्या, म्हणजे सुक्याच्या, डब्यात टाकायचे असं तिथे लिहिलंय. कागदावर ठीक आहे. पण सुक्याची पिशवी पुढे कुणीतरी हाताने उघडून निवडणार. ते हात कुणाचे? ताडपत्रीवर तीन दिवस ते हात आमचे होते, म्हणून हा प्रश्न पडला. एरवी मलाही पडला नसता.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

ओला आणि सुका हे दोन शब्द आम्ही गल्लीतून काढून टाकले. बदली नावं वहिनींनी सुचवली : खड्डा, भंगार, गाडी. वस्तू हाताला कशी लागते ते विचारायचं नाही, ती जाणार कुठे ते विचारायचं. खड्ड्यात कुजेल ती खड्ड्याची. भंगारवाला पैसे देईल किंवा निदान फुकट नेईल ती भंगाराची. जिला कुणीच हात लावणार नाही ती गाडीची.

पुतण्याने एका बाजूला मराठी, एका बाजूला कानडी असे कागद हाताने लिहिले. कानडीत गुंडी, गुजरी, गाडी. तिन्ही ‘ग’ आले म्हणून त्याला फार आनंद. गाडीला दोन्हीकडे गाडीच. वर कुठली भाषा आणि खाली कुठली यावरून भांडण नको म्हणून दोन बाजू. ज्याला जी हवी ती त्याने भिंतीवर पुढे करावी.

या नावांनी निम्मे वाद आपोआप मिटले. चहाची पूड ओली असो वा वाळलेली, खड्ड्यात. अंड्याचं टरफल खड्ड्यात, पण चुरून. नारळाची करवंटी कुजते खरी, पण तिला वर्षं लागतात, म्हणून ती बंबात. दुधाची पिशवी धुऊन भंगारात, आणि कापताना कोपरा तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, कारण तो नखाएवढा तुकडा कुठल्याच डब्यात पोचत नाही. बिस्किटाचा, चिवड्याचा चकचकीत कागद मात्र गाडीत. त्यात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, भंगारवाला तो बघून मान हलवतो.

मागाच्या सुताचं काय करायचं यावर एकमत झालं नाही. नऊ घरांतून रोज गुंता निघतो. पूर्वी सगळं सुती असायचं, आता बहुतेक पॉलिस्टर. कुजत नाही, विकत नाही. तूर्तास शेडमध्ये एका पोत्यात.

२१ ऑगस्ट, बुधवार

वास सुटला. साधासुधा नाही, कुजक्या अंड्याचा. शेडच्या मागच्या घरातल्या मावशी सकाळीच दारात. “तुमचं खत तुमच्या घरात करा की.”

चूक आमचीच. बेळगावच्या पावसात हौद सुरू करणं हाच शहाणपणा. पत्र्यावरचं पाणी एका बाजूने आत उतरत होतं आणि रोज २० किलो ओली भाजी त्यावर. हवा कोंडली की असा वास येतो. मूठभर उचलून पिळलं तर पाण्याची धारच लागली, यायला हवेत फक्त एक-दोन थेंब.

नत्र जास्त, कर्ब कमी. भाजीपाल्यात नत्र, वाळल्या पाल्यात कर्ब. नत्राच्या एका भागाला पंचवीस-तीस भाग कर्ब असला की ढीग तापतो. पण ऑगस्टमध्ये वाळका पाला आणायचा कुठून? आधी गिरणीतून भाताचं तूस आणलं, दोन पोती. दिसायला छान, वासही दबला, पण तूस लवकर कुजत नाही, त्यात वाळूसारखा अंश असतो. काकांनी त्यांच्या शेतातलं उसाचं पाचट आणून दिलं, पावसात झाकून ठेवलेलं. कोयत्याने वीत वीत तुकडे केले, सगळा हौद उपसून एक थर कचरा, एक थर पाचट असा परत भरला. वर आंबट ताकाचं पाणी शिंपडलं. चार तास लागले, कंबर गेली.

अळ्या पण झाल्यात, करड्या, जाड. मावशींनी बघितल्या नाहीत ते बरं. त्या माणसाला काही करत नाहीत, उलट कचरा खाऊन संपवतात. पण हे सांगायची आजची वेळ नव्हती.

२४ ऑगस्ट, शनिवार

वास गेला. लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढली, हातात धरवत नव्हती. मावशींना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, “यावर पाणी तापंल की.” हा होकार समजून चालले.

२७ ऑगस्ट, मंगळवार

गल्लीत सगळ्यांचं पालुपद एकच : आम्ही वेगळं देतो, गाडीत सगळं एक करतात, मग कशाला? मीही हेच म्हणायचे. आज सकाळी गाडीमागे चालत चार गल्ल्या फिरले. हातात पिशवी घेऊन, बाजाराला निघाल्यासारखी. गाडीवरच्या ताईंनी दुसऱ्याच वळणावर ओळखलं आणि विचारलं, “अक्का, चेकिंग काय?”

गाडीच्या हौद्याला मधे पत्रा आहे, दोन कप्पे. आमच्या २३ घरांतून खड्ड्याचा कचरा येत नाही, त्यामुळे तिथलं निवडलेलंच चढलं. पुढच्या गल्लीत काय झालं? एका घरातून दोन पिशव्या आल्या, दोन्ही काळ्या, दोन्ही गाठ मारलेल्या. ताईंनी दाबून बघितलं. एक उघडली, आत वर कागद, खाली डायपर. त्यांनी ती परत बांधली आणि जिथे जागा होती तिथे टाकली. त्या पिशवीला गाडीत जागाच नव्हती. कुजणाऱ्यात टाकली तर खत बिघडणार, भंगारात टाकली तर तिकडे निवडणारी बाई हात घालणार. आणि एकदा अशी पाच-दहा घरांची पिशवी पडली की त्या कप्प्यात वेगळं ठेवण्यासारखं राहतं काय?

ताई म्हणाल्या, “वल्लं-सुकं मी करते अक्का, ते सोप्पं हाय. ते बायकांचं आन पोरांचं तेवढं दुसऱ्या पिशवीत द्या. वरनं कळायला पायजे बगा, उघडायला लागू नये.”

दोन डब्यांवर इतकी चर्चा करून सगळं तिसऱ्या पुडक्यापाशी येऊन थांबतं. आणि त्यावर भिशीत एकदाही कुणी बोललेलं नाही, मी धरून. २३ घरांत चाळीसेक बायका-मुली. ताडपत्रीवरसुद्धा पुतण्या काटा धरून उभा होता तेव्हा वहिनींनी आणि मी तेवढी पुडकी न बोलता बाजूला सारली आणि वजनात ‘इतर’ लिहिलं.

४ सप्टेंबर, बुधवार

किरकोळ. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या ‘कापडी’ पिशव्या हौदात सापडल्या, तीन. त्या कापड नाहीत, न विणलेलं प्लास्टिक आहे. माचिसची काडी लावून दाखवली, वितळली. विणकरांच्या गल्लीत कापड ओळखता येऊ नये याची काकांना फार लाज वाटली. केंद्राच्या नियमाने साध्या कॅरीबॅगेची जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन लागते. दुकानदाराला मायक्रॉन विचारले तर तो म्हणाला, “जाड आहे की.”

११ सप्टेंबर, बुधवार

गणपती बसले शनिवारी. आणि पाठोपाठ उंदरी. बाहेरगावच्या माणसाला हे पटत नाही की बाप्पा घरात आणि त्याच्या उंदराच्या नावाने मटण. पण आपल्याकडे आहे ते आहे.

हौदाची वाट लागली. मधला वास सोडला तर महिनाभर सगळे आकडे किती छान होते, वजन, तापमान. कारण महिना श्रावणाचा! गल्लीत हाड शिजलंच नव्हतं. मी त्या जोरावर वहीत ‘पद्धत बसली’ असं लिहून मोकळी झाले होते. सोमवारी रात्री कुत्र्यांनी पत्रा सरकवला आणि अर्धा ढीग शेडमध्ये पसरला, मूर्तीपासून दहा फुटांवर. मंडळाच्या पोरांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं.

नवा नियम : हाडं, मासळी, चरबी खड्ड्यात नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी सकाळच्या गाडीला, कुजणाऱ्यात. मोठ्या प्रक्रियेत ती जिरतात, आमच्या एक घनमीटरात नाही. पत्र्यावर दोन चिरे ठेवले.

वजनाची तीन दिवसांची मोजणी पुन्हा करायला हवी. श्रावणातल्या आकड्यांवर वर्ष काढता येणार नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

विसर्जनाची मिरवणूक काल निघाली ती आज उजाडल्यावर संपली. कपिलेश्वर तलावावरून आल्यावर झोपायच्या आधी एवढंच.

महाप्रसाद रविवारी झाला. आधी कळवायचं राहिलं, मंडळाला सांगायचं काम माझं होतं आणि मीच विसरले. नियम पाठ असून. पानं पळसाच्या पत्रावळी घ्यायच्या ठरल्या होत्या, आल्या चंदेरी कागदाच्या. कागद आणि प्लास्टिकचा पातळ थर, ना खड्डा ना भंगार. चार पोती गाडीला. चांगलं एवढंच की उरलेलं अन्न गटारात गेलं नाही, कुणीतरी म्हशींना नेलं. निर्माल्य मात्र नीट जमलं. हारांचे दोरे काढायला सासूबाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी बसल्या, दोन तासांत तीन टोपल्या फुलं, दुर्वा, केवडा. दुर्वांनी ढीग असा तापला की सकाळी वाफ दिसली. मखरात थर्माकोल नव्हतं. सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२ पासून बंदच आहे, तरी दोन घरांत माळ्यावरचं जुनं निघालं.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज पौरकार्मिक दिन, म्हणजे सफाई कामगारांचा. काल संध्याकाळी ताईंना घरी चहाला बोलावलं. आधी आत येईनात. सासूबाईंनी हात धरून पाटावर बसवलं. कुंद्याचा डबा दिला, आणि डब्यावरचं प्लास्टिकचं गुंडाळण मी आधीच काढून ठेवलं, नाहीतर उद्या ते त्यांच्याच हातात आलं असतं.

चहा पिताना ताईंनीच तिसऱ्या पुडक्याचं परत काढलं. सासूबाई ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, “आमच्या वेळी फडकी होती. कुठं टाकायचं हा प्रश्नच नव्हता, कुठं वाळत घालायचं हा होता.”

५ ऑक्टोबर, शनिवार

पोत्यातल्या सुताला काम मिळालं.

भिशीत आज पुरुष नव्हते आणि दार लावलेलं होतं, म्हणून मी विषय काढला. पहिली पाच मिनिटं सगळ्या साडीचे पदर बघत होत्या. मग मागवाल्या घरातली सून म्हणाली, पुडकं कागदात बांधायचं आणि वर लाल सूत गुंडाळायचं. आमच्याकडे लाल धाग्याचा गुंता रोज निघतो, कुणाला पाहिजे तेवढा देते. लाल दिसलं की उघडायचं नाही. बस.

नियमात ‘योग्य वेष्टन’ म्हटलंय, पण रंग सांगितलेला नाही. बेंगळुरात २०१५ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने दोन डबे आणि एक पिशवी अशी रीत लावून दिली, त्यात अशा टाकाऊ गोष्टींसाठी लाल डबा. म्हणजे आमचा लाल काही अगदीच जगावेगळा नाही. पण डबा ठेवायला स्वयंपाकघरात जागा पाहिजे आणि सासरच्या घरात तो दिसायलाही नको असतो. सुताची गुंडी खिळ्याला अडकवली की झालं, ती सुताची गुंडीच दिसते.

डायपरलाही तेच. औषधाच्या बाटल्या, इंजेक्शनच्या सुया यांना नाही, त्या घरगुती घातकात.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पहिला हौद २५ सप्टेंबरलाच भरला होता, मुरत ठेवलाय. दुसरा निम्मा. सहा नवी घरं आली, म्हणजे २९. ताई म्हणाल्या, आमच्या गल्लीतलं भंगार आता त्या ‘डोळं झाकून’ उचलतात. लाल पुडकी वेगळ्या पोत्यात गाडीच्या मागे अडकवतात. शेजारच्या गल्लीतल्या बायकांनी सूत मागितलं. मागवाल्या सुनेने पहिल्यांदा विचारलं, “विकायचं काय?” मग हसली.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची झाडलोट. वर्षभरात न निघालेलं सगळं आज निघालं. वाळलेले रंगाचे डबे, ट्यूबलाइटी, मुदत संपलेल्या गोळ्या, घड्याळाचे सेल, एक पाऱ्याचा फुटका थर्मामीटर. हे घरगुती घातक. नियमाप्रमाणे दर २० चौरस किलोमीटरला एक जमा-केंद्र असायला हवं. आम्ही सध्या एका पत्र्याच्या डब्यात कुलूप लावून शेडमध्ये ठेवतोय, ट्यूबलाइटी उभ्या, जुन्या गादीच्या कापसात. मुकादमांना विचारलंय, ते विचारून सांगतो म्हणाले.

जुन्या गाद्या कुठे न्यायच्या यावर आज तीन भांडणं. एक आमच्या घरात.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन, आणि आजची तारीखही १ नोव्हेंबर. कर्नाटकाचा राज्योत्सव की सीमाभागातला काळा दिन, गल्लीत कुणी काय पाळलं ते या वहीत नको. फटाक्यांचा कागद गाडीत, एवढं मात्र सगळ्यांनी पाळलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिला हौद उघडला. काळा, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीचा वास. हात घातला तर गार. ढीग तापायचा थांबला म्हणजे काम संपलं. काकांच्या घरची वाळूची चाळण आणली, दिवसभर चाळलं. पोत्यांत सव्वाशे किलोच्या आसपास भरलं. घातलं होतं आठशेहून जास्त, बाकीचं वाफ आणि हवा होऊन गेलं.

तूस जसंच्या तसं. ते दुसऱ्या हौदात परत.

काकांनी एक पोतं शिवारात नेलं, भात निघालंय, आता मसूर टाकणार आहेत. बळ्ळारी नाल्याच्या काठचं रान त्यांचं. पावसात नाला फुगून शेतात शिरला की पाण्याबरोबर शहरभराच्या पिशव्या येतात, लावणीआधी त्या वेचाव्या लागतात. त्यांनी मूठभर खत हातावर घेऊन बराच वेळ चोळलं आणि विचारलं, “यात पिशवीचा तुकडा नाही ना एक पण?” होते. चाळणीवर दुधाच्या पिशव्यांचे एकोणचाळीस कोपरे राहिले, पुतण्याने मोजले. मागावरच्या सुताचा एक गोळाही. ऑगस्टमध्ये लिहिलेली कसाची ओळ सासूबाईंना वाचून दाखवली. “कस आला म्हणायचं की मग,” म्हणाल्या, आणि तुळशीसाठी डबाभर घेऊन गेल्या.

चाळणीवर आणखी राहिले ते चमचे. स्टीलचे सात. सालींबरोबर कधी सटकले कुणाला कळलं नसणार. धुऊन ओळीने मांडले. आपल्याकडे भांड्यावर नाव घातलेलं असतं, त्यामुळे परत करायला सोपं. दोन आमचेच. एक वहिनींचा, एक मावशींचा, म्हणजे वासाची तक्रार घेऊन आल्या त्याच महिन्यात त्या खड्ड्यात द्यायला लागल्या होत्या. दोनांची नावं झिजलेली.

सातवा कोपऱ्यावरच्या दुमजली घराचा. आप्पांच्या लग्नातलं नाव आणि साल, टिंबाटिंबांनी कोरलेलं. माझ्या यादीत ते घर आजही ‘नाही’ मध्ये आहे. पहाटे पाच-साडेपाचला शेडच्या बाजूला कुणाच्या तरी बांगड्या वाजतात असं मावशी एकदोनदा म्हणाल्या होत्या, मी लक्ष दिलं नव्हतं.

चमचा पदराला पुसून ठेवलाय. उद्या आप्पा बँकेत जातात तेव्हा नेऊन देते. सुनेच्या हातात.